जहाजावरचे ताट



आपल्या व्यापारी कुटुंबांच्या सहलींचा नकाशा गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे. पूर्वी दुकान आठवडाभर बंद ठेवायचे म्हटले तर पालिताणा, शिखरजी, नाहीतर फार तर महाबळेश्वर. आता दिवाळीची गर्दी ओसरली की मुले परस्पर जहाजाची तिकिटे काढून मोकळी होतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. पुढे २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’चे जहाज मुंबईहून निघू लागले. जहाजावर जैन भोजन मिळते हे एकदा कळल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांची उरलीसुरली हरकतही मिटली. कोरेगाव भीमासारख्या आमच्या गावातूनसुद्धा आता दरवर्षी दोन-चार कुटुंबे समुद्रावर जाऊन येतात.

गेल्या डिसेंबरात आम्हीही गेलो. आम्ही म्हणजे मी, आमच्या सौ., सौ.च्या थोरल्या भगिनी आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू. साडूंचे शिरूरला कापडाचे दुकान आहे, वय सदुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. चार रात्रींचा प्रवास होता. लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत. जहाजाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे घडले त्यात दोष सर्वस्वी आमचा होता.

समुद्रप्रवासात आहाराचे नियम कसे पाळावेत, हा प्रश्न काही आजचा नाही. शिकागोला १८९३ साली भरलेल्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले. साधूंना वाहन वर्ज्य, म्हणून त्यांच्या वतीने महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी गेले. तिशीही न गाठलेला तो तरुण परमुलखात आपला शाकाहार सांभाळून राहिला. त्यांच्यापुढे अन्न मिळवण्याची अडचण होती. आमच्यापुढे नेमकी उलटी अडचण होती, आणि ती अडचण आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पहिल्या संध्याकाळी भोजनगृहात शिरलो आणि मी अक्षरशः थबकलो. जैन विभाग वेगळा, पाटी स्पष्ट, वाढणारे अदबशीर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. परंतु पनीर साईत बुडालेले, पुऱ्या, कचोरी, मैद्याचे पाव, आणि गोडाचे सहा प्रकार. ‘जैन’ म्हणजे ‘पथ्याचे’ नव्हे, ही साधी गोष्ट आपण नेहमी विसरतो. कंदमूळ वगळलेली तळलेली कचोरी ही तळलेली कचोरीच राहते.

त्यातच आपली व्यापारी वृत्ती जागी झाली. साडू म्हणाले, “साहेब, माणशी एवढे पैसे भरलेत, ते वसूल नको का व्हायला?” मी आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले आहेत. बुडीत खर्च ही काय चीज असते, हे मी कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना समजावले आहे. जो पैसा गेला तो गेला. पुढचा निर्णय त्याच्याकडे पाहून घ्यायचा नसतो. तिकिटाची रक्कम दोन महिन्यांपूर्वीच खात्यातून वजा झाली होती. तिसरी जिलेबी खाल्ल्याने त्यातला एक रुपयाही परत येणार नव्हता. हे सारे ठाऊक असूनही मी त्यांना काय म्हणालो? “घ्या हो, सुट्टीत कोण मोजतंय!”

रात्री अकरापर्यंत आम्ही कार्यक्रम पाहत होतो आणि अधूनमधून उठून काहीतरी आणत होतो. साडूंनी गेल्या तीस वर्षांत रात्री अन्न घेतले नव्हते.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. घरी माझी दिनचर्या फार नेमकी आहे, असा माझा समज होता. पहाटे वढू बुद्रुकच्या रस्त्याने चाळीस मिनिटे चालणे, आल्यावर उकळलेले कोमट पाणी, नवकारसीनंतर न्याहारी, सूर्यास्तापूर्वी जेवण. हे सर्व मी पाळतो, असे मी लोकांना सांगतही असे. प्रत्यक्षात ते सौ. पाळत होत्या, सूर्यास्ताला स्वयंपाकघर आवरले जात असल्यामुळे माझा चौविहार आपोआप होत होता. रस्त्यावर ठरलेल्या वेळी दोन मित्र वाट पाहत उभे असत, म्हणून चालणे होत होते. साडूंचे तर दुकानच त्यांचे घड्याळ. जहाजावर स्वयंपाकघर मिटत नाही, मित्र नाहीत आणि दुकानही नाही. तेव्हा कळते की आपली म्हणून जी सवय आपण मिरवत होतो, तिच्यातली आपली स्वतःची किती आणि घरच्यांची किती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज थोडे डोलत होते. सौ.ना मळमळू लागले. त्यांच्या भगिनींनी सुंठ-गुळाच्या गोळ्या आणल्या होत्या (ओले आले आपल्याला वर्ज्य, सुंठ चालते, आणि ती मळमळीवर उपयोगी पडते). जहाजावरच्या एका अनुभवी कर्मचाऱ्याने सांगितले की बंद खोलीत पडून न राहता मोकळ्या डेकवर मधल्या भागात बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. तासाभरात त्यांना बरे वाटले. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. मागाहून तिचा फारसा उपयोग होत नाही.

साडूंना मात्र वेगळाच त्रास होत होता. रात्री खाल्ल्याची बोचणी लागली होती. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी न्याहारी सोडली, दुपारी एकदाच अगदी थोडे जेवले, डेकवर दिवसभर फेऱ्या मारल्या. संध्याकाळी आम्ही चौघे कठड्याशी उभे होतो. कोरेगावात सूर्य गोदामांच्या पत्र्यांआड केव्हा जातो ते कळत नाही, कॅलेंडर पाहावे लागते. तेथे तो डोळ्यांदेखत पाण्यात उतरला. त्याआधी साडूंनी नुसते पाणी आणि नेहमीची मधुमेहाची गोळी घेतली व चौविहाराचे पच्चक्खाण केले. मला ते फार भावले. मी त्यांचे अभिनंदनही केले.

पहाटे तीनला आमच्या केबिनचे दार वाजले. मेहुणीबाई दारात. साडू घामाने निथळत होते, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. सुदैवाने रक्तशर्करा मोजायचे यंत्र सौ.च्या पर्समध्ये होते. आकडा चोपन्न. सत्तरच्या खाली साखर गेली की ते धोक्याचे समजावे, एवढे मला ठाऊक होते. मी ग्लुकोजचे पाणी केले आणि पेला त्यांच्या ओठांशी नेला, तर त्यांनी दात आवळले. “चौविहार आहे,” एवढेच म्हणाले.

वाचकहो, त्या क्षणी मला काही सुचले नाही. मी गयावया करू लागलो. मेहुणीबाई मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, रोज पच्चक्खाण घेता, त्यातले आगार कोणासाठी असतात? सव्वसमाहि आगार आहे ना? प्रकृती बिघडली तर समाधी राहावी म्हणून औषध घ्यायची मोकळीक आपल्या पच्चक्खाणातच आहे. व्रत मोडत नाही. प्या.” साडूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पेला रिकामा केला.

तीन चमचे ग्लुकोज, मग पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजणी, अजून कमी असल्यास पुन्हा तेवढेच, आणि साखर वर आली की थोडे खाणे: हा क्रम. दुसऱ्या मोजणीत आकडा अठ्ठ्याऐंशी आला. माणूस शुद्धीवर असेल तेव्हाच तोंडाने द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये, डॉक्टरांना बोलवावे. जहाजावरच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी नंतर तपासून कारण सांगितले. साडूंच्या गोळीत ग्लिमेपिराइड होते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. घरी ती गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर जात होती, म्हणून कधी काही झाले नव्हते. येथे गोळी नेहमीची होती, जेवण नव्हते, आणि चालणे नेहमीच्या तिप्पट होते. आदल्या रात्रीच्या अतिरेकापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या अतिरेकाने ते अधिक अडचणीत आले.

पुढचे दोन दिवस कारभार मेहुणीबाईंच्या हाती होता. माझ्या आई रोज सकाळी चौदा नियम धारत असत: सचित्त, द्रव्य, विगई, वाहन, दिशा आणि पुढचे सारे. लहानपणी मला ती नुसती यादी वाटे. मेहुणीबाईंनी त्यातले दोनच घेतले. भोजनगृहात शिरण्यापूर्वीच द्रव्यांची संख्या ठरवायची, सकाळी पाच, दुपारी आठ, सायंकाळी पाच. आणि विगईंपैकी दिवसाला दोन सोडायच्या. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगईंची नावे एखाद्या आहारतज्ज्ञाच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा. तळण आणि साखर सोडल्यावर त्या लांबलचक मेजांपैकी निम्मी आपोआप बाद झाली. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारून सगळे पाहायचे, मग ताट उचलायचे, हा त्यांचा आणखी एक नियम. दोन घास कमी खाण्याला आपल्याकडे ऊणोदरी म्हणतात आणि ते तपात मोडते. भूक असताना समोर अन्न नसणे निराळे आणि अन्नाने भरलेल्या मेजापुढे दोन घास राखणे निराळे.

सायंकाळचे जेवण साडेपाचला मिळावे, अशी विनंती आम्ही व्यवस्थापकांना केली. ते लगेच तयार झाले. पहिल्याच दिवशी विचारले असते तरी झाले असते! जहाजावरची रात्रीच्या जेवणाची वेळ आपल्याला सोयीची नसते, तेव्हा तिकीट काढतानाच हे विचारून घ्यावे.

निघण्याच्या तयारीतल्या आणखी काही गोष्टी. औषधे, मोजणीचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी हातातल्या पिशवीत असावी; मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा होतात आणि केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागू शकतात. पाणी उकळण्यासाठी घरची किटली नेऊ नये, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती काढून घेतात. गरम पाणी मागितले की मिळते. जेवणापूर्वी हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. दारात ठेवलेले सॅनिटायझर चोळून भागत नाही, कारण जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. आणि लिफ्ट विसरावी. आमची केबिन सहाव्या मजल्यावर आणि भोजनगृह दहाव्या. दिवसातून तीनदा जिने चढल्यावर व्यायामाची निराळी काळजी उरली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्थातच हे करू नये.

परतल्यावर साडू शिरूरच्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. रात्री न जेवण्याची गोष्ट वीस वर्षांत त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलीच नव्हती. डॉक्टरांनीही विचारली नव्हती. आता संध्याकाळची गोळी बदलली आहे, आणि जेवण नाही तर ती गोळीही नाही, असे ठरले आहे. पर्युषणात काय करायचे याचा कागद त्यांनी आत्ताच लिहून घेतला. तो दुकानात गल्ल्याच्या काचेखाली ठेवला आहे. आपल्या घरात चौविहार करणारे आणि मधुमेहाची गोळी घेणारे कोणी असेल, तर ही एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली आहे का, ते या आठवड्यात जरूर विचारा.

माझे वजन दीड किलोने वाढले होते. वढूच्या रस्त्यावर मित्रांनी मला ते वजनकाट्याशिवाय सांगितले.

पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.