अश्वशक्तीचा हिशेब

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद वाढवावी की नाही, यावर शौकिनांत दोन पंथ आहेत आणि दोन्ही सारखेच कडवे. एक म्हणतो, कारखान्याने दिले तसेच ठेवा, नटबोल्टही बदलू नका. दुसरा म्हणतो, पळवायची नसेल तर घेतली कशाला? माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याने १९५८ सालची एमजीए घेतली असून इंजिनात करायच्या सुधारणांची यादी मला धाडली आहे: मोठे कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, जमल्यास सुपरचार्जर. मलाच का? तर आमच्या घरी वीस वर्षे अ‍ॅम्बेसेडर होती, आणि एमजीएचे इंजिन त्याच घराण्यातले.

ही सोयरीक पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ सीसीचे 'बी सीरीज' इंजिन ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला दोन कार्ब्युरेटर लावून एमजीएत बसले आणि त्याने ७२ अश्वशक्ती दिली. तेच इंजिन उत्तरपाड्याला एका कार्ब्युरेटरवर, संसारी माणसाच्या चालीने, अ‍ॅम्बेसेडर ओढू लागले. पिस्टनची धाव दोन्हीकडे ८८.९ मिलिमीटर. आमच्या मिस्त्रीला एमजीए दाखवली असती, तर बॉनेट उघडताच त्याने ओळख सांगितली असती.

पहिल्या पंथाचे म्हणणे मला पटत नाही, कारण अ‍ॅबिंग्डनचे लोक स्वतःच कधी स्वस्थ बसले नाहीत. १९५५ मध्ये १४८९ सीसी, १९५९ मध्ये १५८८, १९६१ मध्ये १६२२, आणि १९६२ मध्ये एमजीबी आली ती १७९८ सीसी घेऊन. धाव तीच, दर वेळी सिलिंडर तेवढा रुंद केला. इंजिन टप्प्याटप्प्याने कसे तयार करावे, याची पुस्तिकाही कारखाना देत असे. मग 'मूळ स्वरूप' म्हणजे नेमक्या कोणत्या सालचे?

पण दुसऱ्या पंथाने याच कारखान्याची एक कहाणी विसरू नये. १९५८ मध्ये एमजीएची 'ट्विन कॅम' आवृत्ती निघाली. सिलिंडर हेड नवे, कॅमशाफ्ट दोन, कॉम्प्रेशन ९.९ आणि शक्ती १०८. कागदावर स्वप्नच! रस्त्यावर मात्र पिस्टनना भोके पडू लागली. कॉम्प्रेशन ८.३ वर आणले, तोवर गाडीचे नाव खराब झाले होते. २,१११ गाड्यांनंतर १९६० मध्ये ती बंद पडली. ठराविक वेगाला कार्ब्युरेटर थरथरत, त्यांतले पेट्रोल फेसाळे आणि मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी होई, असे निदान पुढे झाले. म्हणजे दोष त्या दिमाखदार हेडचा कमी, त्याला खाऊ घालणाऱ्या व्यवस्थेचा अधिक.

भाच्याच्या यादीत मोठे कार्ब्युरेटर पहिल्या क्रमांकावर आहेत. या इंजिनाची खरी अडचण पुढे, हेडमध्ये आहे. चार सिलिंडर, पण दारे पाचच: हवा आत घेणारी दोन, धूर बाहेर टाकणारी तीन. चाळीत दोन बिऱ्हाडांत एक नळ असावा, तसा प्रकार. दोन सिलिंडर एकाच दारातून श्वास घेतात, आणि मधल्या दोघांचा धूरही एकाच वाटेने जातो. नळच अरुंद असताना घागर मोठी आणून काय होणार? म्हणून आधी हेड: दारे घासून नीट करणे, व्हॉल्व्ह थोडे मोठे आणि एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या, कारण ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० मध्येच थांबली. मग एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, मग कॅमशाफ्ट, आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. कॅमशाफ्टही सौम्य. फार तिखट कॅम वरच्या फेऱ्यांना जोर देतो आणि खालचा काढून घेतो. लेस्टरच्या सिग्नलवर त्याचा उपयोग शून्य. सुपरचार्जरला माझा साफ विरोध आहे. या ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्टला तीनच मुख्य बेअरिंगांचा आधार. एमजीबीलासुद्धा १९६४ मध्ये पाच द्यावी लागली, ती उगीच नव्हे.

मिश्रणाची गोष्ट तर आज जास्त लागू आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरला ते मिश्रण हलके पडते, रबरी नळ्याही खराब होतात. नळ्या बदलणे, कार्ब्युरेटरची सुई योग्य निवडणे, रोलर्सवर गाडी चालवून ते तपासणे, ही कामे यादीत कुठेच नाहीत. ब्रेकही नाहीत! १९५८ च्या या गाडीला चारही चाकांना ड्रम. पुढे डिस्क आल्या त्या १९५९ मध्ये. रेडिएटरचे नाव नाही, तेलाचा दाब आणि कॉम्प्रेशन मोजल्याची नोंदही नाही. चाळीस टक्के कॉम्प्रेशन गमावलेल्या इंजिनाला नुसते रिबोअर करून नवे पिस्टन बसवले, तरी मालकाला सुपरचार्जर लावल्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट मी त्याला खडसावून लिहिली. त्याच्या गाडीत अजून तिचे जन्माचे इंजिन आहे, नोंदीतल्या क्रमांकासकट. सिलिंडर एकदा रुंद केला की तो पुन्हा अरुंद होत नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली, ती मूळ स्वरूप राखलेल्यांनाच, आणि इंजिनातला मोठा बदल त्यात बसत नाही. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने फार बदललेल्या गाड्यांसाठी गुणांची पद्धत आणली, तिच्यात चासीला पाच गुण होते आणि इंजिनाला अवघा एक. अ‍ॅबिंग्डनच्या माणसांना हा हिशेब विचित्रच वाटला असता.

तेव्हा माझी सूचना अशी: हे इंजिन उतरवावे, सिलिंडरांत तेल सोडून, झाकून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवावे, आणि सारे प्रयोग दुसऱ्या इंजिनावर करावेत. एमजीबीचे सुरुवातीचे, तीन बेअरिंगांचे १७९८ सीसीचे इंजिन एमजीएत फारशी झटापट न करता बसते; ते मुळातच ९५ अश्वशक्तीचे. पाच बेअरिंगांचे घेतले, तर मागची प्लेट आणि फ्लायव्हील जुळवण्याचे काम वाढते. भाच्याने असा एक ब्लॉक हेरून ठेवला आहे. सिलिंडरांची झीज मोजून कळव, पैसे नंतर दे, असे मी त्याला कळवले आहे. ब्रेकचे सामान मात्र त्याने आधीच मागवले.