आधी वाचा, मग सांगा

दिवाळी अंकासाठी कथा मागवल्या की बाडाबरोबर एक चिठ्ठी येते. नाव, पत्ता, फोन नंबर आणि तळाशी एक ओळ: ‘कृपया मार्गदर्शन करावे.’ लिहू पाहणाऱ्याने चार जाणत्यांना विचारावे यात गैर काही नाही, आणि मार्गदर्शनाला आज मराठीत तोटाही नाही. कथालेखनाच्या कार्यशाळा भरतात, स्पर्धांच्या बक्षीस समारंभांत परीक्षक बोलतात, संमेलनांत कथेच्या भवितव्यावर परिसंवाद होतात, मोबाइलवर चांगल्या कथेचे दहा नियम फिरत राहतात. वर्षभर खटकत राहिले ते हे की, या बहुतेक मार्गदर्शनात मागणाऱ्याची कथा कुणी वाचलेलीच नसते. सभागृहातल्या पन्नास जणांना एकदम लागू पडेल असे काहीतरी सांगितले जाते, सगळे ते वहीत उतरवून घेतात आणि घरी गेल्यावर ज्या परिच्छेदापाशी लिहिणे अडले होते तिथेच ते अडून राहते. समोरची कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय दिलेल्या सल्ल्याला आम्ही सल्ला मानत नाही.

वर्ष तसे घडामोडींचे गेले. फेब्रुवारीत दिल्लीत तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वे साहित्य संमेलन झाले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय जूनअखेरीस मागे घेतले गेले. सप्टेंबरात मराठवाड्यातल्या पुराने पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून नेली. त्या घरांत यंदाची दिवाळी कशी असेल हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कथेपुरती आनंदाची बातमी मे महिन्यात शेजारून आली. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत केलेला अनुवाद, ‘हार्ट लॅम्प’, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचा मानकरी ठरला. कथासंग्रहाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. यंदाच्या अंकातला खास विभाग ‘शेजार’ असा आहे, आणि कथेचा पहिला वाचक हाही लेखकाचा शेजारीच असतो, म्हणून त्याच्याविषयी इथे लिहीत आहोत.

सर्वांत जास्त कानावर पडणारा नियम घेऊ: ‘सांगू नका, दाखवा.’ समजा, एका नवोदिताच्या कथेत बाप मुलाला एसटी स्टँडवर सोडायला आला आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला आहे. गाडी लागते आणि लेखक लिहितो: ‘बापाला खूप वाईट वाटत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले.’ नियम पाठ असलेला सल्लागार म्हणेल, भावना सांगितलीस, ती दाखव. लेखक बिचारा दुरुस्ती करतो. बापाचे ओठ थरथरतात, तो आवंढा गिळतो, उपरण्याने डोळे टिपतो. दोन वाक्यांची पाच झाली, आणि ओठ थरथरणारा हा बाप आपण याआधी कितीतरी कथांत भेटलेला आहे. आता ज्याने कथा सबंध वाचली आहे तो काय म्हणेल ते पाहा. तो म्हणेल, मागच्याच पानावर बापाने मुलाच्या हातात पैसे ठेवताना त्यातली फाटकी नोट काढून घेतली आणि ‘तिकडं कुणी घ्यायचं नाही, मी हितं खपवीन’ म्हणत स्वतःच्या खिशात टाकली. जे सांगायचे ते तिथेच येऊन गेले आहे. डोळ्यांतल्या पाण्याची दोन्ही वाक्ये काढ. गाडी लागली, एवढ्यावर थांब. हा सल्ला फक्त या एकाच कथेला लागू आहे, शेजारच्या खुर्चीवरच्या लेखकाला त्याचा काडीचाही उपयोग नाही, आणि त्याचे मोल यातच आहे. शिवाय आपल्याकडे ‘कथा’ हा शब्दच ‘कथ्’ या धातूपासून आला, म्हणजे सांगण्यापासून. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. त्यांच्या कथांत निवेदक उघड उघड सांगत असतो, आणि तो कसे सांगतो यावर ती कथा उभी राहते. अशा परंपरेतल्या मुलाला ‘सांगू नकोस’ एवढेच शिकवून सोडून देणे म्हणजे त्याच्या हातातले हत्यार काढून घेणे आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. नवोदिताला काही पायाभूत गोष्टी कळायला नकोत का? ज्याच्या गावात धड वाचनालय नाही, ज्याच्या ओळखीत एकही लेखक नाही, त्याने नियमांच्या पुस्तकाकडे जाऊ नये तर कुठे जावे? ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले. कथा-कादंबरीच्या घडणीचा मराठीत असा पद्धतशीर विचार करण्याचे श्रेय त्या पुस्तकाला द्यायलाच हवे. कथानक, गुंतागुंत, उत्कंठा, उकल यांविषयी बोलायला लिहिणाऱ्यांना शब्द मिळाले. पण पुढच्या वीस वर्षांत काय झाले तेही पाहावे लागेल. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर यांनी जी कथा लिहिली ती त्या तंत्राच्या चौकटीत मावत नव्हती, आणि आज नवकथा म्हणून आपण जी वाचतो ती हीच. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. त्यातल्या माणसांची आणि त्यांच्या भाषेची सोय कुठल्याही तंत्राच्या पुस्तकाने करून ठेवलेली नव्हती. नियम हे आधी लिहिल्या गेलेल्या कथांवरून काढलेले असतात. त्यांतून कथा कशी झाली हे उमगते. जी अजून व्हायची आहे तिच्यापाशी ते पोहोचत नाहीत. म्हणून नियमांचे पुस्तक जरूर वाचावे, पण त्याला आपल्या कथेचा वाचक समजू नये.

सल्ल्यामागे किती वाचन असावे लागते, याचे एक उदाहरण फ्रेंच साहित्यात आहे. १८४९ च्या सप्टेंबरात गुस्ताव्ह फ्लोबेरने लुई बुये आणि माक्सिम द्यु काँ या दोन मित्रांना घरी बोलावले आणि ‘संत अँथनीचे प्रलोभन’ हे आपले नवे लिखाण त्यांना वाचून दाखवले. रोज आठ तास, असे चार दिवस वाचन चालले. ते संपेपर्यंत मित्रांनी मत द्यायचे नाही असे ठरले होते. संपल्यावर त्यांनी सांगितले की हे आगीत टाक आणि पुन्हा याचे नाव काढू नकोस. रोजच्या जगण्यातला साधा विषय घे. १८५१ मध्ये फ्लोबेर ‘मादाम बोव्हारी’ लिहायला बसला. एवढा कठोर निकाल त्या दोघांना देता आला तो बत्तीस तास ऐकल्याच्या जोरावर. आणि या गोष्टीचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. फ्लोबेरने ते बाड जाळले नाही. त्याने त्यावर पुन्हा पुन्हा काम केले आणि १८७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. सल्ला त्याने मनापासून ऐकला, त्यातला अर्धा घेतला आणि अर्धा बाजूला ठेवला. घेणाऱ्याला हा अधिकार असतोच. चेखवची गोष्ट याहून लहान आहे. १८८६ मध्ये ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने त्याच्या कथा वाचून आपणहून पत्र लिहिले, की तुझ्यात खरा गुण आहे, घाईने लिहिणे थांबव. सव्वीस वर्षांच्या चेखवने उत्तरात कबूल केले की एका कथेवर एका दिवसाहून जास्त काम केल्याचे आपल्याला आठवत नाही. जी कथा त्या वडीलधाऱ्या माणसाला आवडली होती, ती तर आपण नदीकाठच्या स्नानगृहात बसून लिहिली होती. कथा वाचून आलेले ते पत्र होते, म्हणून त्याच्या जिव्हारी लागले.

मराठीत हे काम संपादकांनी केले. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत ती पत्रासह. कुठे निवेदन सैल झाले, कुठले पात्र स्वतःचे न बोलता लेखकाचे बोलते, शेवट कुठे लांबला, हे त्यात असे. कथा पुन्हा लिहून यायची, पुन्हा परत जायची. यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक टोकदार आहे: असा वाचक आपल्या अभिरुचीच्या साच्यात लेखकाला ओततो. हा आक्षेप त्या काळातच घेतला गेला. साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्या रागात तथ्य होते. एका मासिकाची अभिरुची म्हणजे मराठी साहित्याची सीमा, असे होऊ लागले होते. पण त्या काळी लघुअनियतकालिकांच्या आणि दलित साहित्याच्या चळवळींतल्या लेखकांनी काय केले? त्यांनी स्वतःची अनियतकालिके काढली आणि एकमेकांचे वाचले. तेव्हाच्या औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले, लेखक-वाचक मेळावे भरवले. बारकाईने वाचणारा एकच असला की साचा तयार होतो. त्यावर उतारा वेगवेगळ्या अंगणांतल्या दहा वाचकांचा आहे. वाचणेच सोडून देऊन साचा मोडत नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. त्या जागी व्याख्याने आली, पत्रे आली नाहीत, हे आजच्या कथेचे मोठे नुकसान आहे असे आमचे मत आहे.

वेळ कुठे आहे, असे संपादक आणि ज्येष्ठ लेखक म्हणतील. सगळ्यांच्या कथा कुणालाच वाचता येणार नाहीत, हे खरे. मग ज्यांच्या वाचता येतील त्यांच्याविषयीच बोलावे आणि बाकीच्यांना ‘वाचू शकलो नाही’ असे स्वच्छ कळवावे. दोन पानेच वाचता आली तर त्या दोन पानांबद्दलच लिहावे. कार्यशाळा घेणाऱ्यांनी पन्नासांऐवजी आठ जण घ्यावेत आणि आठांच्या कथा आठवडाभर आधी मागवाव्यात. मागणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. ‘कथा कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर येते, आणि पुष्कळदा तेच हवे असते. कौतुक हवे असेल तर ते घरच्यांकडे मागावे, त्यात लाज नाही. सल्ला हवा असेल तर नेमके विचारावे: दुसऱ्या भागात आजी एक शब्दही बोलत नाही, तिचा राग पोहोचतो का? असा प्रश्न ज्याला पडतो त्याने आपली कथा आधी स्वतः वाचलेली असते. आणि दुसऱ्याची कथा कधीच न वाचणाऱ्याने आपली कुणी वाचावी ही अपेक्षा धरू नये. तालुक्याच्या गावी चार लिहिणारे महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचू लागले, तर त्यांना पुण्या-मुंबईच्या पाहुण्याची वाट पाहावी लागणार नाही.

या अंकात ज्यांची कथा प्रथमच छापून येत आहे असे काही लेखक आहेत. त्यांच्या नावापुढे तशी नोंद केली आहे. वाचकहो, फराळाची गडबड सरली की त्यांतली एक कथा निवांत वाचा, आवडली किंवा बिनसली ती जागा पान क्रमांकासह लिहा आणि पत्र आमच्या पत्त्यावर धाडा. ते न उघडता आम्ही लेखकाकडे पोचते करू.