परिपत्रक थेट पेढीवर

१९ मे २०२३ ची संध्याकाळ आमच्या पेढीवर अजून कोणी विसरलेले नाही. दोन हजारांच्या नोटा बंद झाल्याचा संदेश मोबाईलवर फिरत आला आणि गल्ल्यावर बसलेल्या धाकट्या बंधूंनी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नोटा परत केल्या. ते वयोवृद्ध गृहस्थ एक शब्दही न बोलता पायऱ्या उतरून गेले. रात्री रिझर्व्ह बँकेचे मूळ पत्रक वाचले. नोटा चलनातून मागे घेतल्या जाणार होत्या हे खरे; परंतु त्या वैध चलन राहतील, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पत्रक सर्वांसाठी खुले होते. आम्हीच ते पाहिले नव्हते.

त्यानंतर पुतण्याने माझ्या मोबाईलवर ‘फीड रीडर’ बसवून दिला. अनेक संकेतस्थळे आपल्या ताज्या मजकुराची एक छोटी यादी, शीर्षक, तारीख आणि दुवा यांसह, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात ठेवतात. तिला फीड म्हणतात. आपण निवडलेल्या फीडवर रीडर अधूनमधून नजर टाकतो आणि नवे जे असेल ते एका जागी मांडतो. मुनीमजींनी सकाळचे टपाल फोडून गादीशेजारी लावून ठेवावे, तसे. काय यावे हे आपण ठरवतो, आणि वाचून झाले की यादी संपते! मोबाईलवर संपणारी अशी दुसरी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

ही युक्ती जुनीच आहे. नेटस्केप कंपनीने १९९९ साली ‘आरएसएस’ आणले. आजची पॉडकास्टही त्याच आधारावर श्रोत्यांपर्यंत पोहोचतात.

फीडली किंवा इनोरीडर यांपैकी कोणताही रीडर घ्यावा. रिझर्व्ह बँक आणि सेबी यांच्या संकेतस्थळांवर ‘आरएसएस’ असा दुवा आहे. तेथील फीडचा पत्ता उचलून रीडरमध्ये चिकटवला की काम झाले. ही सोय सर्वच संकेतस्थळे देत नाहीत, ही मात्र उणीव आहे. मी उत्साहाच्या भरात चाळीस फीड जोडले होते. आता नऊच ठेवले आहेत. त्यांची यादी ‘ओपीएमएल’ धारिकेत उतरवून ठेवावी. गूगलचा लोकप्रिय रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा ज्यांनी अशी यादी काढून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये सहज नेता आली.

३० सप्टेंबर २०२३ हा नोटा बदलण्याचा शेवटचा दिवस ठरला होता. बंधूंच्या मोबाईलवर सकाळपासून घाबरवणारे संदेश येत होते. सायंकाळी माझ्या रीडरमध्ये रिझर्व्ह बँकेचे पत्रक दिसले: मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली होती. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पत्रक दोनदा वाचले आणि मग त्या जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला.