दाबाची परीक्षा झाली. कंपनांची कोण घेणार?

१९२३ सालचा बॉयलर कायदा इतिहासजमा होऊन १ मे २०२५ पासून त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा अमलात आला. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली आणि १९४८ चा कारखाने कायदा तिच्यात सामावला गेला. या दोन्ही बदलांची चर्चा प्रामुख्याने दंड, शिक्षा, परवाने आणि उद्योगसुलभता यांभोवतीच फिरली. बॉयलर कायद्यातील कोणते गुन्हे फौजदारी राहावेत आणि कोणत्यांवर केवळ दंड असावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु या चर्चेत एक गोष्ट पूर्णपणे बाजूला पडली. कारखान्यातील वेल्डिंग केलेले पाइप यंत्रांच्या कंपनांमुळे थकतात, त्यांना तडे जातात आणि एके दिवशी ते तुटतात. हा थकवा पाहण्याची सोय आपल्या तपासणीच्या पद्धतीत जवळजवळ नाहीच.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. मागेपुढे वाकवत राहिले की तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस विनाकारण मोडू लागले, तेव्हा जर्मन अभियंते ऑगस्ट वोलर यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. एका वेळी सहज पेलता येणारा ताणही असंख्य वेळा पडला की धातू तोडतो, हे त्यांनी दाखवून दिले. आता आकडे पाहा. मिनिटाला १५०० फेरे घेणारा पंप सेकंदाला २५ हिसके देतो. चोवीस तासांत ही संख्या २१ लाख ६० हजारांवर जाते, म्हणजे पाच दिवस उलटण्यापूर्वीच एक कोटीचा टप्पा ओलांडला जातो. त्यात पाइपाची स्वतःची नैसर्गिक कंप्रता यंत्राच्या गतीशी जुळली, तर अनुनाद होऊन कंपने अनेक पटींनी वाढतात.

हा तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेलाच सुरू होतो. तेथे धातूचा आकार एकदम बदलत असल्याने ताण एकवटतो, वितळलेला धातू थंड होताना आक्रसून आत ओढ राहते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म खाचाही तेथेच असतात. अधिक मजबूत, म्हणजेच अधिक महाग, पोलाद वापरले तर पाइप जास्त टिकेल, ही समजूत येथे फसवी ठरते. पोलादाची ताकद वाढली तरी वेल्डिंगच्या जोडाची थकवा सोसण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढत नाही. जोडाची घडण आणि त्यावर पडणारा ताण यांवरच सारे अवलंबून असते.

मोठ्या वाहिनीपेक्षा तिच्यावर बसवलेले छोटे फाटे अधिक धोक्याचे असतात. दाबमापकासाठी, हवा सोडण्यासाठी किंवा पाणी काढण्यासाठी अर्धा-पाऊण इंचाचा तुकडा वेल्ड केला जातो आणि त्याच्या टोकाला जड व्हॉल्व्ह लटकवला जातो. मुख्य पाइप थरथरला की टोकाचे वजन झोके घेते आणि बुडाशी असलेला जोड प्रत्येक झोक्याला वाकतो. समुद्रातील तेल व वायू उद्योगात झालेल्या हायड्रोकार्बन गळतींपैकी सुमारे २१ टक्के गळती कंपने व थकव्यामुळे झाल्याचे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या माहितीतून दिसून आले. त्यानंतर या विषयावर तेथे स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

एक क्षुल्लक जोड किती महाग पडू शकतो, याचे दाहक उदाहरण २७ मार्च १९८० चे आहे. उत्तर समुद्रातील 'अलेक्झांडर किलँड' हा तरता तळ उलटून १२३ जणांना जलसमाधी मिळाली. त्याच्या आधाराच्या एका नळीवर ध्वनिग्राहक बसवण्यासाठी अवघे सहा मिलिमीटरचे वेल्डिंग केलेले होते. थकव्याची चीर तेथून वाढत गेली आणि अखेर ती नळीच तुटली.

आपल्याकडे ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा अणुवीज केंद्रात थकव्याने टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेलेल्या यंत्राच्या प्रचंड कंपनांनी हायड्रोजनचे पाइप फुटले, आग लागली आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, हे सुदैवच.

वाहिनीतून सुटलेला वायू काय करू शकतो, हे महाराष्ट्राने नागोठणे येथे १९९० च्या नोव्हेंबरात आणि 'मुंबई हाय'वर २७ जुलै २००५ रोजी अनुभवले आहे. 'मुंबई हाय'वर जहाजाच्या धडकेने वायुवाहिनी फुटली होती. ती थकव्याची घटना नव्हती. मात्र पाइप कोणत्याही कारणाने तुटो, त्यानंतरच्या काही मिनिटांत जे घडते ते सारखेच असते.

आता तपासणीकडे वळू. वाफेच्या पाइपांना बॉयलर कायद्याची कक्षा आहे. रसायने, संपीडित हवा किंवा गरम तेल वाहून नेणारे पाइप तिच्याबाहेर आहेत. जेथे कायदेशीर तपासणी होते, तेथे तिचा कणा जलदाब चाचणी आणि जाडीचे मोजमाप हाच आहे. ही चाचणी यंत्र बंद असताना होते. पाइप दाब पेलतो का, हे तिच्यातून कळते. यंत्र चालू झाल्यावर तो किती हलतो, हे कळण्याचा मार्ग नाही. मोठ्या जोडांची क्ष-किरण तपासणी होते, पण छोट्या फाट्यांचे जोड सहसा तिच्यातून सुटतात. शिवाय तडा जन्मतो तो यंत्र सुरू झाल्यानंतर, म्हणजे कारखान्याला प्रमाणपत्र मिळून गेल्यावर.

यातूनच जबाबदारीची पोकळी निर्माण होते. मुळशी तालुक्यातील नांदे-पिरंगुट पट्ट्यासारख्या ठिकाणच्या एखाद्या लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये आराखड्याप्रमाणे पाइप जोडला जातो, जलदाब चाचणी उत्तीर्ण होते आणि माल रवाना होतो. शेडचे काम तेथेच संपते. आराखडा करणाऱ्याने दाब व तापमानाचे गणित केलेले असते. कंपनांचे गणित त्याच्याकडे कोणी मागितलेले नसते. कारखान्यात पाइप थरथरताना दिसतो तो पाळीवरच्या कामगाराला, आणि तो अनेकदा कंत्राटी असतो. तडा गेलाच, तर शटडाऊन टाळण्यासाठी त्याच जागी पुन्हा वेल्डिंग मारले जाते. थरथरीचे कारण तसेच राहते आणि काही आठवड्यांनी जोड पुन्हा उघडतो.

उद्योगातील नव्या सुधारणांनी या प्रश्नाला धार आणली आहे. वीज वाचवण्यासाठी मोटरींची गती बदलणारी उपकरणे बसवली जातात. त्यामुळे एका ठरावीक वेगाने चालणारा पंप आता अनेक वेगांनी चालतो, आणि त्यांतला एखादा वेग पाइपाच्या नैसर्गिक कंप्रतेवर नेमका येऊन बसू शकतो. उत्पादन वाढवताना जुन्याच पाइपांतून अधिक वेगाने प्रवाह नेला जातो, तेव्हाही कंपने वाढतात. वीजबचत आणि उत्पादनवाढ दोन्ही आवश्यक आहेत. मात्र असा प्रत्येक बदल केल्यावर पाइपांची कंपने पुन्हा मोजण्याचा नियम हवा.

उपाय खर्चिक नाहीत. फाटा आखूड करावा, टोकाचा व्हॉल्व्ह हलका निवडावा, फाट्याला आधार शेजारच्या खांबावरून न देता त्याच्या मूळ पाइपावरूनच द्यावा, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. गरज नसलेले फाटे काढून टाकावेत. हातात मावणाऱ्या कंपनमापकाने यंत्र चालू असताना मोजणी करून तिची नोंद ठेवावी. नव्या कायद्यांमुळे नियम व मानके पुन्हा पाहण्याची वेळ आलीच आहे. यंत्र सुरू झाल्यानंतरची कंपन-तपासणी आणि छोट्या फाट्यांची यादी या दोन गोष्टी त्यांत बंधनकारक करता येतील. २००७ च्या दुरुस्तीने बॉयलरच्या तपासणीसाठी शासनाबाहेरील सक्षम व्यक्तींना वाट मोकळी केली, त्यामुळे मनुष्यबळ नाही ही सबबही आता टिकत नाही.

पुणे परिसर वाफेच्या व दाबाच्या उपकरणांसाठी देशभर ओळखला जातो. या तपासणीची पद्धत बसवण्याचा पहिला मान त्याने घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. थकलेला धातू तुटण्यापूर्वी थरथरीतून काही सांगत असतो, आणि ते रोज ऐकणारा माणूस पाळीवर असतोच. त्याने केलेली तक्रार लिहून घेणारी वही आणि तिच्यावर उत्तर देण्यास बांधील असलेला अधिकारी, एवढी तरतूद जरी नव्या नियमांत झाली, तरी कायदा बदलल्याचे सार्थक होईल.