गादी रिकामी कशी झाली?

नाशिक जिल्ह्यात शाळा झालेल्या जवळपास प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलीय. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा गोपाळ, वय बारा, अक्षरओळख नाही. बडोद्याला नेल्यावर विचारतात, 'कशाला आलास?' पोरगा म्हणतो, 'राज्य करायला!' टाळ्या. तोच पुढे सयाजीराव गायकवाड. गोष्ट मलाही आवडते. पण तिच्यात गादी आपोआप रिकामी पडलेली असते, आणि ते खोटं आहे.

एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. मे महिन्यात गोपाळ दत्तक गेला.

मल्हारराव चांगले राजे नव्हते. उधळपट्टी, जुलूम, कारभाराचा विचका, सगळं होतं. १८७४ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना मुदत दिली: ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत सुधारा. आयटीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल, आपल्याकडे याला पीआयपी म्हणतात. नोव्हेंबरमध्ये रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात विष सापडलं. आरोप महाराजांवर. चौकशीला सहा जण बसले: तीन इंग्रज, आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह, सर दिनकरराव. तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी. तिन्ही हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही.

तीन-तीन. मग सरकारने काय करावं? विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभारासाठी काढलं. मुदत संपायला आठ महिने बाकी होते! एका कंपनीत मी अगदी हेच पाहिलंय. सहकाऱ्यावरचा आरोप टिकला नाही, तर आठवड्याभरात त्याचा 'परफॉर्मन्स' खराब निघाला.

जाहीरनाम्यातली दुसरी ओळ मला जास्त खटकते. मल्हाररावांबरोबर त्यांच्या संततीचेही सगळे हक्क कायमचे रद्द. लक्ष्मीबाईंपासून झालेला मुलगा तेव्हा तान्हा होता. कारभार बिघडवला बापाने, आणि वारस नको म्हणून पोरगंही यादीतून बाद. गादीसाठी कौळाण्यापर्यंत शोध घ्यावा लागला तो यामुळे. शिवाय बारा वर्षांचा राजा म्हणजे पुढची सहा वर्षं सरकारच्या पसंतीचा दिवाण. सोय बघा.

'पण सयाजीराव मिळाले ना?' हे उत्तर मला नेहमी मिळतं. मिळाले. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आंबेडकरांना शिष्यवृत्ती. त्यांचं मोठेपण त्यांनी स्वतः कमावलं. त्याचं श्रेय १८७५ च्या त्या जाहीरनाम्याला का द्यायचं? निकाल चांगला लागला म्हणून खटला बरोबर ठरत नाही, आणि आज कुणाला हाकललं की 'बरं झालं, नालायकच होता' म्हणत पुढे स्क्रोल करणारे आपण नेमकं तेच करतो.

मद्रासमध्ये मल्हाररावांना डव्हटन हाउसमध्ये नजरकैदेत ठेवलं. आज तिथे मुलींचं कॉलेज आहे. योगायोग असा, की नजरकैद त्यांना नवी नव्हती. सख्ख्या भावाने, खंडेरावांनी, आधी त्यांना पादऱ्याला डांबलं होतं. तिथून सुटून ते थेट गादीवर आले होते. मद्रासहून परतीची वाट नव्हती. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार आला. १८८२ मध्ये मल्हारराव मद्रासलाच वारले.