घरसजावट : चौकोन, वर्तुळ आणि आपली भिंत

दिवाणखान्याची मोठी भिंत रिकामी दिसते, काहीतरी लावायला हवं, हे प्रत्येकीलाच वाटतं. हल्ली नुसते चौकोन, त्रिकोण, वर्तुळं असलेल्या चित्रांच्या छापील प्रतीही मिळतात. रंग मनात भरतात, पण हात आखडतो. सासूबाईंनी ‘यात आहे काय?’ असं विचारलं तर सांगायचं काय?

मैत्रिणींनो, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. इंग्लंडमधल्या बेन निकल्सन यांनी १९३५ साली लाकडाच्या फळीत चौकोन नि वर्तुळं कोरली आणि सगळी फळी पांढरी रंगवली. ना झाड, ना माणूस! कोरलेल्या कडांची सावली पडते, तीच त्यातली रेघ.

आपल्याकडचे सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. लहानपणी अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते सांगत असत. १९५० साली ते फ्रान्सला गेले. पुढं कित्येक वर्षांनी तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांत आला. भोवती चौकोन, त्रिकोण, तांबडे-पिवळे पट्टे.

आता सांगा, ठिपक्यांची रांगोळी आपण वेगळी काय काढतो? आधी ठिपके, मग अंतर सांभाळत रेघा. एक चुकली की सगळी रांगोळी कलते. आपल्या मकबऱ्यातली संगमरवरी जाळी बघताना ‘यात काय आहे?’ असं कुणी विचारत नाही. तोल पारखण्याची नजर आपल्याकडे आहेच.

विकत घेताना एवढं बघा. साधी छापील प्रत भिंगातून पाहिली की रंगांचे बारीक ठिपके दिसतात. ती स्वस्तच असायला हवी. सेरिग्राफ म्हणजे जाळीच्या पडद्यातून एकेक रंग उतरवलेली प्रत. तिच्यावर बहुधा चित्रकाराची सही नि २५/१०० असा आकडा असतो. म्हणजे शंभरांतली पंचविसावी. जास्त किंमत सांगितली, तर आधी सही आणि आकडा दाखवायला सांगा.

गुलमंडीत फ्रेम करायला टाकाल तेव्हा काच आणि चित्र यांमध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. फ्रेम साधी, बारीक पट्टीची. नक्षीदार सोनेरी नको. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा. ऊन पडणारी भिंत टाळा, रंग उडतात. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा.

आणि निवड करताना कुणाच्या होकारासाठी अडून राहू नका. दिवसभरात त्या भिंतीसमोरून सर्वांत जास्त वेळा जाणार कोण? आपणच ना! मग चित्रही आपल्या डोळ्यांना रुचलेलंच असू दे.