पावसातली वाट कुणाची?

युरोपातल्या शहरात पावसाच्या दिवशी एकट्याने हिंडण्याचं आपल्याकडे मोठं कौतुक असतं. त्या आनंदाचं श्रेय मात्र हवेपेक्षा बांधकामाला द्यायला हवं. इटलीतल्या बोलोन्याने 1288 मध्येच रस्त्यालगतच्या नव्या घरांना कमानींची ओसरी सक्तीची केली. घोडेस्वारालाही खालून जाता यावं, इतकी तिची उंची ठरवून दिली. आज त्या शहरात अशा ओसऱ्या सुमारे 62 किलोमीटर आहेत आणि 2021 पासून त्यांतले निवडक भाग जागतिक वारसा मानले जातात. घर खासगी, पण त्याच्या दारातली वाट सगळ्यांची. एकट्या माणसाला, त्यातही एकट्या बाईला, अनोळखी गावात पाय मोकळेपणाने टाकता येतात ते अशा नियमामुळे.

अशी वाट आपल्याकडेही हवी, अगदी छत्तीसगडमधल्या भिलाई-3 सारख्या गावातही. तिथे पाहण्याजोगं काही नाही असं म्हणणाऱ्यांनी जवळच्या देवबलोद्याचं कलचुरीकालीन शिवमंदिर पाहावं. शिखराविना उभं असलेलं, शेजारी कुंड असलेलं हे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हावडा-मुंबई मार्गावरचं स्थानकही गावातच आहे. आपला पाऊस युरोपासारखा रिमझिम नसतो, हा आक्षेप खरा आहे; पण मुसळधार पाऊस असेल तर आडोशाची गरज वाढतेच. उरतो खर्चाचा प्रश्न. इथे पर्यटक येतील किती, असं विचारलं जाईल. पण स्थानक ते मंदिर हीच वाट रेल्वे यार्डातला कामगार, शाळेतली मुलगी आणि बाजाराला निघालेली आजी रोज तुडवतात. स्थानकापासून मंदिरापर्यंत सलग, उंच पदपथ आणि जागोजागी छप्पर असावं, ही मागणी महानगरपालिकेकडे त्यांच्याच नावाने करायला हवी.